अ‍ॅस्पिरिनचं विघटन: सामू (pH) ६ ते ८ ला वेग सारखाच येतोय, चूक कुठे?

जांभळी_शाई:
स्थिरतेच्या प्रॅक्टिकलसाठी अ‍ॅस्पिरिनचं जलविघटन मोजतेय. २०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन १० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यातलं १ मिली, वॉटर बाथवर ६०° से.ला तापलेल्या ९९ मिली बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घालते. दर २० मिनिटांनी ५ मिली काढून बर्फात थंड करायचं, ५ मिली आम्लयुक्त फेरिक नायट्रेट (लोहाचा क्षार; विघटनातून सुटलेल्या सॅलिसिलिक आम्लाशी जांभळा रंग देतो) घालायचं आणि ५३० नॅनोमीटरला शोषकतेचं (रंग किती प्रकाश शोषतो त्याचं) वाचन घ्यायचं. कॅलिब्रेशन सॅलिसिलिक आम्लाचं, साध्या पाण्यात.

सामू ५ ला अ‍ॅसिटेट बफर, ६, ७, ८ ला फॉस्फेट, ११ ला कार्बोनेट. फॉस्फेटच्या तिन्ही सामूंना k (वेग स्थिरांक) जवळपास एकच, पण अ‍ॅसिटेटच्या निम्म्याहून कमी. ११ ला तर पहिल्या वाचनापासून रेघ आडवी. लॉग k विरुद्ध सामूचा आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा यायला हवा ना?

काचनळी:
अ‍ॅस्पिरिनचा तसा येत नाही. ६ ते ८ ची सपाटी खरी आहे, ती पुसू नका.

अ‍ॅस्पिरिनचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू आयनित असतात तो) ३.५ च्या आसपास. सामू ५ ला सुमारे ९७ टक्के रेणू आयनित झालेले असतात, ६ ला ९९ च्या वर. आयनित रेणूतला ऋणभारित कार्बोक्झिलेट गट एस्टरच्या (पाण्याने तुटणाऱ्या गटाच्या) अगदी शेजारी बसलेला असतो. एस्टरवर चाल करणाऱ्या पाण्याच्या रेणूतला प्रोटॉन तोच ओढून घेतो, म्हणजे बेसचं काम रेणूच्या आतच होतं. फर्श्ट आणि कर्बी यांनी १९६७ मध्ये हे मांडलं. सगळे रेणू एकदा आयनित झाले की सामू वाढवून या वाटेला आणखी काही मिळत नाही, म्हणून साधारण ५ ते ९ वेग सपाट. २५° ला या पट्ट्यात अर्धायुष्य दोन दिवसांच्या आसपास असतं, ६०° ला दोन-तीन तास. अ‍ॅस्पिरिनचं तयार सिरप बाजारात का दिसत नाही, ते यावरून कळेल.

३.५ च्या खाली आयनित रेणू कमी होतात, वेग उतरतो आणि २.५ च्या आसपास सगळ्यात कमी होतो. त्याहून खाली हायड्रोजन आयनांचं उत्प्रेरण सुरू होऊन तो परत चढतो. २.५ आणि १.२ ही दोन्ही टोकं घ्या, नाहीतर आलेखाचा अर्धा जीव जाईल.

बफरवाला:
फॉस्फेटमध्ये k निम्मा दिसतो तो रंगामुळे, विघटन मंदावल्यामुळे नाही. फॉस्फेट फेरिक आयनाला स्वतःकडे बांधून घेतं आणि ते संयुग बिनरंगी असतं. सॅलिसिलेटच्या वाट्याला लोह कमी उरतं. सायट्रेटचंही तेच. शंका असेल तर एकाच ताकदीचं सॅलिसिलिक आम्ल पाण्यात आणि तुमच्या फॉस्फेटमध्ये घेऊन दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावर शेजारी धरा, फरक डोळ्यांनी दिसेल.

कॅलिब्रेशन त्याच बफरमध्ये करा. किंवा त्याहून सोपं: शोषकतेवरूनच चला. पूर्ण विघटनानंतरच्या वाचनातून त्या-त्या वेळचं वाचन वजा करा, त्याचा नैसर्गिक लॉग वेळेविरुद्ध मांडा. बफर तोच असला आणि शोषकता रेषीय पट्ट्यात असली, तर रंग किती दबला तो गुणक रेघेच्या उतारात येतच नाही. मात्र शेवटचं वाचन प्रत्यक्ष घेतलेलं हवं. पाण्यातल्या कॅलिब्रेशनवरून काढलेली सैद्धांतिक किंमत तिथे घातली की k पडलाच.

आणि बफरची ताकद? तीही लिहायला हवी होती. बफर स्वतः उत्प्रेरक असू शकतो. ०.०२५, ०.०५ आणि ०.१ मोलर अशा तीन ताकदींना k काढून शून्यापर्यंत रेघ ओढा; मिठाने आयनिक स्ट्रेंथ (द्रावणातल्या सगळ्या आयनांची मिळून ताकद) सगळीकडे ०.५ ठेवा. ट्रिस किंवा ग्लायसीन वापरू नका, त्यांचा अमाइन गट अ‍ॅस्पिरिनच्या अ‍ॅसिटिल गटाशी थेट अभिक्रिया करतो.

काचनळी:
११ चं राहिलं. ६०° ला तिथे काही मिनिटांतच खेळ आटोपतो. तुमचं पहिलं वाचन आलं तेव्हा विघटन व्हायला काही उरलंच नव्हतं. शिवाय २५° ला मोजलेला ११ हा ६०° ला ११ राहत नाही. राहिला असं धरलं तरी त्या तापमानाला पाण्याचा आयनिक गुणाकार (हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या तीव्रतांचा) सुमारे दसपट असतो, म्हणजे त्याच सामूला हायड्रॉक्साइड दसपट. सामू बाथच्या तापमानालाच मोजा, मीटरही त्याच तापमानाच्या प्रमाण बफरवर लावून. ११ ऐवजी बोरेटमध्ये ९ आणि ९.५ घ्या, दर ५ मिनिटांनी नमुना.

जांभळी_शाई:
२.५ ला पूर्ण विघटन व्हायला फार वेळ लागेल. शेवटचं वाचन कसं मिळवायचं?

बफरवाला:
५ मिली नमुन्यात १ मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, १५ मिनिटं ६०° ला, थंड करून १ मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, मग फेरिक. बाकीच्या नमुन्यांत त्याऐवजी २ मिली ०.५ मोलर मिठाचं पाणी, म्हणजे विरलन आणि क्षार दोन्ही सारखे राहतील. फेरिक घातल्यावर वाचन लगेच घ्या. नळी ताटकळत ठेवली तर उरलेलं अ‍ॅस्पिरिन तिथेही फुटत राहतं.