पंखांत काच असलेला पतंग, काहीच खात नाही

धागाकर्ती:
काल संध्याकाळी रानाच्या कडेला, अर्जुनाच्या बुंध्याशी वीतभर पंखांचा पिवळसर पतंग सापडला. चारही पंखांवर एकेक गोल डोळा आणि डोळ्याच्या मधोमध चक्क काच! मागे बोट धरलं तर दिसतं. खोक्यात ठेवून साखरपाणी दिलं, पिकलेलं केळं दिलं, शिवलासुद्धा नाही. सकाळी तळाला तपकिरी, चपटे दाणे चिकटलेले. मरतोय का हो?

रानपाखरू:
टसर पतंग, म्हणजे ज्याच्या कोषापासून टसर रेशीम मिळतं तो. त्या गोलात खवले नसतात म्हणून आरपार दिसतं. पिवळसर म्हणजे बहुतेक मादी, नर सहसा तांबूस असतो. मिशा बघा, नराच्या पिसासारख्या रुंद असतात.

धागाकर्ती:
मिशा अरुंद आहेत. पण ही उपाशी आहे त्याचं काय?

कोषवाली:
ताई, साखरपाणी काढून घ्या. तिला खाण्याजोगं तोंडच नाही. अळी असताना महिनाभर ऐन-अर्जुनाची पानं खाऊन जे साठवलं, त्यावरच हे थोडे दिवस काढायचे असतात.

मी तीन पावसाळे टसरचे कोष सांभाळले. देठाने फांदीला टांगलेला, सुपारीसारखा टणक कोष. एका संध्याकाळी त्याचं वरचं टोक ओलं दिसतं. आतला पतंग तोंडातून द्राव सोडून रेशमाचा डिंक विरघळवतो आणि धागे बाजूला सारत बाहेर येतो. पंख तेव्हा ओल्या चिंधीसारखे असतात. लगेच कुठेतरी लटकायला मिळालं तरच ते नीट पसरतात. पहिल्या वर्षी मी अरुंद डब्यात कोष ठेवला आणि त्या पतंगाचे पंख कायमचे चुरगळलेले राहिले. म्हणून सांगते, खोकं नको.

ते दाणे म्हणजे अंडी. नराशी जुळली असेल तर आठ-दहा दिवसांत अळ्या निघतील, नसेल तर ती फुकट जातील. आज तिन्हीसांजेला तिला त्याच झाडावर ठेवा, जवळचा दिवा मालवा. तिच्या वासावर नर अंधारात लांबून येतात.

धागाकर्ती (दुसऱ्या दिवशी):
ठेवली होती. पहाटे टॉर्च घेऊन गेले, तर तिच्या शेपटाला शेपूट जोडून एक तांबूस पतंग लटकलेला, मिशा पिसासारख्या रुंद! आता उन्हं वर आली तरी दोघं तशीच आहेत. कुणाला तिकडे फिरकू देत नाहीये.