हात कुठे ठेवू? – लांबच्या विमानप्रवासातले जागेचे अनुभव

आईबाबांच्या अमेरिकावाऱ्यांचा मोसम आला की घरोघरी फोनवर दोनच विषय: बॅगेत काय भरायचं आणि सीट कुठली मिळाली. पहिल्यावर पुष्कळ बोलून झालंय. दुसऱ्यासाठी हा धागा.

मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला थेट जायचं तर पंधरा-सोळा तास. इतका वेळ आपण सख्ख्या भावालाही खेटून बसत नाही. एसटीत 'जरा सरकून घ्या' म्हटलं की तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि घाट उतरेपर्यंत त्याच्या गावातली दोन माणसं ओळखीची निघतात. विमानात सरकायला जागा नाही आणि बोलायचं कुठल्या भाषेत तेही ठाऊक नाही. मग माणसं कोपराने बोलतात.

सीट मागे करणं, आर्मरेस्ट, जागा बदलून मागणं, लहान मुलं, पाय, अंगाचा आकार, खिडकीची झडप, सगळं चालेल. कंपनीचं नाव मात्र लिहू नका, आणि शेजारी ओळखू येईल असं वर्णनही नको. जेवण गार होतं, बॅग आली नाही, यासाठी वेगळा धागा काढा.

लंबूटांग, ॲमस्टरडॅम

उंची सहा फूट तीन इंच, त्यामुळे नंबर माझाच पहिला. साध्या वर्गात दोन रांगांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ३१-३२ इंच असतं. हे अंतर एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं, म्हणजे त्यात सीटची जाडीही आली. उरलेल्यात मी मावत नाही. पुढच्याने सीट मागे केली नाही तरी माझे गुडघे तिला टेकलेलेच असतात.

मुंबईला येताना एकदा पुढच्या गृहस्थांनी विमान सरळ झाल्याबरोबर, बेल्टचा दिवा विझायची वाट न बघता, धाडकन सीट मागे टाकली. माझा लॅपटॉप अर्धा उघडा होता, तो त्या फटीत अडकला. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "हळू, प्लीज." ते मागे न बघता म्हणाले, "माझी सीट आहे." पुढचा सगळा वेळ मी गुडघे हलवले की ते मान वळवून बघायचे. मी मुद्दाम ढोसतोय असं त्यांना वाटत असणार.

तेव्हापासून मी बसतानाच सांगून ठेवतो. "नमस्कार, माझे पाय लांब आहेत. सीट मागे करायची असेल तेव्हा आधी एक हाक मारा, मी पाय तिरके करतो." याला अजून कोणी वाकडं उत्तर दिलेलं नाही. सीट मागे करू नका असं मी म्हणतच नाही, धाडकन करू नका एवढंच.

मणक्याची गादी

लंबूटांग, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या कमरेतली गादी सरकलेली आहे. ताठ सीटवर चार तासांनंतर डावा पाय बधिर होतो. सीटला बटण दिलंय, तिकिटाचे पैसे भरलेत, मी मागे करणार. जेवण वाटताना सरळ करते, उतरताना सरळ करते, मागे आधी वळून बघते. यापुढे परवानगी मागायची मला गरज वाटत नाही. मागची व्यक्ती 'नाही' म्हणाली तर काय, पंधरा तास काटकोनात बसू?

एकदा मागच्या तरुणाने माझ्या सीटच्या पाठीला दोन्ही गुडघे लावून ती दाबूनच धरली होती. बटण दाबते, सीट हलत नाही. मला वाटलं बिघडली आहे. हवाईसुंदरीने येऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तो चांगला पाच फूट सहा इंचांचा होता!

धागाकर्ती

गुडघ्यांवरून आठवलं. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेलं विमान याच कारणावरून शिकागोला उतरवावं लागलं होतं. ट्रेच्या दांड्यांना अडकवायच्या प्लास्टिकच्या छोट्या चिमट्यांची जोडी तेव्हा बाजारात मिळायची. ती लावली की पुढची सीट मागे येतच नाही. मागच्या प्रवाशाने ती लावली, काढायला सांगितल्यावर काढली नाही, पुढच्या बाईंनी पेलाभर पाणी त्याच्यावर फेकलं. दोघांनाही शिकागोला उतरवलं. गंमत म्हणजे दोघं बसले होते जास्त पैसे मोजून मिळणाऱ्या, पायांना जादा जागा असलेल्या रांगांत.

मला यात दोघांचाही राग येत नाही. तीच इंचभर जागा कंपनीने एकाला पाठ टेकायला विकली आणि दुसऱ्याला पाय ठेवायला. भांडण मात्र गिऱ्हाइकांचं आपसात. अमेरिकेत २०१८ साली संसदेने विमान वाहतूक खात्याला सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं, २०२२ मध्ये खात्याने लोकांची मतंही मागवली. माप ठरेपर्यंत आपण आहोतच एकमेकांच्या डोक्यावर.

सांगलीची आजी

मुलीने हे सगळं टाइप करून घेतलंय. मी डॅलसला निघाले होते. मला बीपीमुळे पाण्याची (लघवी जास्त होणारी) गोळी चालू, शिवाय गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून लेकीने जादा पैसे भरून कडेची सीट घेतली. विमानात जाऊन बघते तर माझ्या जागेवर एक नवी नवरी बसलेली, शेजारी तिचा नवरा. मला म्हणाली, "आंटी, आम्हाला एकत्र बसायचंय, तुम्ही माझ्या जागेवर बसाल का?" मी विचारलं, "कुठे आहे तुझी जागा?" तर शेवटून तिसऱ्या रांगेत, चार सीटच्या मधली.

मी म्हटलं, "बाळा, मला दर दीड तासाने उठावं लागतं. कडेची असती तर आनंदाने गेले असते." नवरा म्हणाला, "आंटी, ॲडजस्ट कर लो ना." आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी कुणाचा संसार मोडतेय. माझा चेहरा पडला, पण मी पास काढून हातात धरला आणि उभी राहिले. शेवटी ती उठली. तो मुलगा पुढे सगळा प्रवासभर माझ्याशी बोलला नाही, मी उठले की पाय आखडून घ्यायचा आणि सुस्कारा टाकायचा. उतरताना तोंड फिरवून गेला. जाऊ दे.

एवढंच सांगते, मागायचीच असेल तर आपली सीट समोरच्याच्या सीटइतकी तरी चांगली असावी. आणि मागायच्या आधी तिथे जाऊन बसू नये.

पाळण्याची रांग

आजी, तुम्ही बरोबर केलंत. माझी बाजू आईची. बाळ चार महिन्यांचं, म्हणून समोर भिंत असलेली पहिली रांग घेतली, तिथेच पाळणा अडकवता येतो. शेजारी एक गृहस्थ, पाय पसरता येतात म्हणून पैसे भरून तीच रांग घेतलेले. बाळ बघून त्यांनी कपाळाला हात लावला, माझ्यासमोरच. त्यांना वाटत होतं मी पाळण्यात बाळ टाकून निवांत झोपणार. प्रत्यक्षात बेल्टचा दिवा लागला की बाळ काढून मांडीवर घ्यावं लागतं, आणि अटलांटिकवर तो दिवा कितीदा लागला ते विचारू नका. त्या रांगेत ट्रे आर्मरेस्टच्या पोटात असतो, म्हणून मधला दांडा वरही होत नाही. आडवं होणं विसरा.

पहिल्या रडण्याला ते कॉल बटण दाबायला लागले. दुसऱ्या रडण्याला म्हणाले, "समथिंग कॅन बी डन?" मी म्हटलं, "तुम्ही घेता का जरा?" खरंच दिलं त्यांच्या हातात. मला बाथरूमला जायचं होतं. परत आले तर ते मराठीत 'ये रे ये रे पावसा' म्हणत होते! नागपूरचे निघाले. कपाळाला हात लावल्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, पण बाळ त्यांच्याकडेच झोपलं.

मुलं आणि आईबाप वेगळे बसवले जातात त्याबद्दल: डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामक खात्याने, एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कंपन्यांना बजावलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच बुकिंग क्रमांकावरच्या (पीएनआर) आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यायची. काउंटरवर हे शांतपणे सांगा. विमानात चढल्यावर शेजाऱ्याच्या चांगुलपणावर सोडू नका.

दोन तिकिटांची बाई

मी जाड आहे. नव्वद किलोच्या पुष्कळ वर. हे आधीच लिहिते, म्हणजे कुणी आडून विचारणार नाही.

सीटची रुंदी सतरा-अठरा इंच. बोइंग सात-सत्याहत्तर (७७७) विमानात पूर्वी एका रांगेत नऊ जण बसायचे, आता बऱ्याच कंपन्या तेवढ्याच रुंदीत दहा बसवतात. मी रुंद झाले हे खरं, पण सीटही अरुंद झाली आणि तिला कुणी डाएट विचारत नाही.

लंडनच्या प्रवासात शेजारच्या बाईंनी मी बसायच्या आधीच दांडा खाली केला आणि हवाईसुंदरीला मोठ्याने म्हणाल्या, "मला दुसरी जागा द्या, हिच्याबरोबर मी बसणार नाही." विमान भरलेलं. दहा-बारा माणसं ऐकत होती. मी पुस्तक उघडलं. नऊ तास उजवा हात छातीवर घेऊन बसले, कारण त्या बाजूला तो ठेवला की त्या झटकायच्या. त्यांच्या बाजूने विचार केला तर त्यांनीही पैसे भरले होते आणि त्यांची दोन इंच जागा माझ्याकडे येत होती. हे मला कळतं. तक्रार करायला हरकत नव्हती, ती गॅलीत, म्हणजे क्रूच्या खाण्यापिण्याच्या कोपऱ्यात, जाऊन हळू आवाजात करता आली असती.

आता लांबच्या प्रवासाला परवडेल तेव्हा दोन सीट घेते. त्यातही तऱ्हा. बोर्डिंगनंतर कुणी तरी येतं, "ही रिकामी आहे ना?" नाही, तीही माझीच आहे. दोन बोर्डिंग पास दाखवावे लागतात. परवडत नाही तेव्हा खिडकी घेते, म्हणजे एका बाजूला भिंत, आणि बेल्टचा जोडपट्टा दारातच हळूच मागून घेते. कॅनडात मोठ्या कंपन्यांना देशांतर्गत प्रवासात अपंगत्व म्हणून मान्य झालेल्या स्थूल व्यक्तीला दुसरी सीट फुकट द्यावी लागते. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने २००८ मध्ये तसा निर्णय दिला. आपल्याकडे मी हे सांगितलं की लोक हसतात.

मणक्याची गादी

दोन तिकिटांची बाई, गॅलीत हळू बोलायचं तुमचं म्हणणं एकदम पटलं. त्या बाईंना धागा वाचायला द्या कुणी तरी.

जुनी केबिन क्रू

आता या नोकरीत नाही, म्हणून बोलते. तुम्हाला वाटतं आम्ही भांडणात निवाडा करतो. तसं नसतं. विमानात जागा रिकामी असेल तर आम्ही कुणाला तरी उठवून तिकडे बसवतो आणि भांडण मिटतं. जागा नसेल तर फक्त गोड बोलणं उरतं. म्हणून दरवाजे बंद झाल्याझाल्या सांगा, दोन तास धुमसून नका सांगू. तोवर रिकाम्या रांगांवर लोक आडवे झालेले असतात आणि झोपलेल्याला उठवणं हे जगातलं सर्वांत अवघड काम.

आर्मरेस्टचा लेखी नियम कुठेच नाही. आम्ही आपसात मानायचो की खिडकीवाल्याला भिंत, कडेच्याला मोकळी बाजू, मधल्याला दोन्ही दांडे. बिचाऱ्याला आणखी काय आहे? कडेच्या सीटचा बाहेरचा दांडाही बऱ्याच विमानांत वर होतो, त्याची कळ खाली मागच्या बाजूला, बिजागरीजवळ लपलेली असते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही तो वर करून द्यायचो, उठणं सोपं जातं. मागितलंत तर सांगतील.

उड्डाण आणि उतरताना पाठ सरळ करायला सांगतो ते शिस्तीसाठी नाही. विमान नव्वद सेकंदांत रिकामं करता यायला हवं, या हिशोबाने त्याची चाचणी झालेली असते. मागे पडलेली सीट मागच्या रांगेची वाट अडवते. यावर वाद घालणाऱ्यांत सुशिक्षित जास्त.

आणि अंगाला हात लावू नका. डीजीसीएच्या २०१७च्या नियमांत तीन पायऱ्या आहेत: नुसती शिवीगाळ असेल तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, धक्काबुक्की असेल तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणारं वागणं असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. मी ज्या मारामारीत मधे पडले ती सुरू झाली होती ब्लँकेटवरून.

खिडकीवाला

माझं छोटंसं. खिडकी माझी, ग्रीनलंडवरचा बर्फ बघायचा म्हणून झडप बोटभर उघडली. मधल्या तीन रांगांतून "शटर! शटर!" असा गजर झाला. पुढच्या वेळी बोइंग सात-सत्याऐंशीत (७८७) होतो, तिथे झडपच नसते, बटणाने काच निळी-काळी होते आणि क्रूला सगळ्या काचा एकदम काळ्या करून टाकता येतात. ग्रीनलंड राहिलं ते राहिलंच.

कोपराला गार

दोह्याहून पुढे जाताना आर्मरेस्टवर कोपर ठेवून झोपलो होतो. कोपराला काही तरी गार लागलं. बघतो तर मागच्या रांगेतून आलेला अनवाणी पाय, अंगठा माझ्या दिशेने. वळून इंग्रजीत दोनदा सांगितलं. पाय जाई, दहा मिनिटांनी परत येई. तिसऱ्यांदा झोपेतच तोंडातून निघालं, "अहो, पाय!" पाय झटकन नाहीसा झाला. मागून आवाज, "सॉरी हं." उतरल्यावर कन्व्हेयर बेल्टपाशी काका समोरच उभे. त्यांनी मला पाहिलं आणि अतिशय तन्मयतेने दुसऱ्यांच्या बॅगा न्याहाळू लागले.

मधला

माझ्या दोन्ही बाजूंना नवरा-बायको. काका खिडकीला, काकू कडेला. मधली सीट रिकामी राहील या हिशोबाने दोघांनी अशी घेतलेली, आणि त्यात मी टपकलो. मी आपणहून म्हटलं, "काकू, तुम्ही मधे या, मी कडेला बसतो." काकू म्हणाल्या, "नको नको, मला कडेचीच लागते." काकांना विचारलं. त्यांना खिडकीच लागते.

मग माझ्या अंगावरून व्यवहार सुरू झाला. चष्मा गेला, गोळ्या आल्या, पाण्याची बाटली गेली. काकांनी काकूंना त्यांच्या बहिणीच्या सुनेबद्दल काही सांगितलं, ते मला दोन्ही बाजूंनी ऐकावं लागलं. आर्मरेस्ट दोन्ही त्यांचे. जुन्या केबिन क्रू ताई, तुमचा नियम मी कुणाला सांगणार होतो, काकांना की काकूंना? रात्री दोघांना झोप आली, दोन्ही डोकी माझ्याकडे कलली. मी हललो नाही, म्हटलं वडीलधारी माणसं आहेत.

पहाटे काकूंनी पिशवीतून भाकरवडीचा पुडा काढला. तो माझ्या नाकासमोरून चार वेळा तिकडे गेला आणि चार वेळा इकडे आला. "घेतोस का" म्हणून एकदाही विचारलं नाही.