कला-उपक्रमासाठी रस्ता बंद करावा, की चालत्या रस्त्यातच उपक्रम बसवावा?

मध्यवर्ती

शहराच्या जुन्या मध्यवर्ती वस्तीत वर्षातून एकदा कलेचा उपक्रम भरतो. चित्रप्रदर्शन, पथनाट्य, गाणेबजावणे, भिंतींवरची चित्रे असे त्याचे साधारण स्वरूप असते. मी यंदाच त्याच्या आयोजन समितीत आलो आहे. गर्दी भरपूर होते, कलाकार खूश असतात, छायाचित्रेही सुंदर येतात; पण ज्या रस्त्यावर हे सगळे घडते, तिथे रोज वावरणाऱ्या माणसांच्या पदरात त्यातून काय पडते, असे मी पहिल्याच बैठकीत विचारले, तेव्हा कोणालाही नीट उत्तर देता आले नाही.

मागच्या उपक्रमात प्रेक्षक म्हणून पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो. कोपऱ्यावरच्या जिन्याखाली एक गृहस्थ चपला दुरुस्त करायला बसतात. मंच नेमका त्यांच्यासमोर उभारल्यामुळे ते मागच्या काळ्या कापडाआड गेले आणि संध्याकाळभर त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. थोडे पुढे औषधांच्या दुकानाला लागूनच ध्वनिक्षेपकांची चळत रचलेली होती. गिऱ्हाईक काय मागते आहे ते दुकानदाराला ऐकू येईना, म्हणून त्याने कागदाचे कपटे आणि पेन बाहेर ठेवले होते आणि लोक औषधाचे नाव लिहून आत सरकवत होते.

समितीत आता दोन तट पडले आहेत. एका तटाला रस्ता पूर्ण बंद करून मोठा मंच हवा आहे, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की रस्ता चालू ठेवून जागोजागी छोटे कार्यक्रम करावेत. दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो: इतर शहरांमध्ये हा मेळ कसा घातला गेला, आणि निर्णय घेताना कोणत्या गोष्टी आधी तपासाव्यात?

पादचारी

दोन्ही तटांनी वाद घालण्याआधी एक काम करावे. उपक्रम नसलेल्या एखाद्या साध्या संध्याकाळी त्याच रस्त्यावर उभे राहून माणसे कुठे थांबतात, कुठे बसतात, कुठून वळतात याची नोंद करावी. हे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून ते बहुधा कोणी करत नाही. मंचाचा आराखडा कार्यालयात बसून नकाशावर काढला जातो, आणि नकाशात जिन्याखालचा माणूस दिसत नाही.

या कामाची सर्वांत चांगली परंपरा विल्यम व्हाइट यांची आहे. त्यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील चौक आणि पदपथ कॅमेऱ्याने तासन् तास टिपले आणि माणसे प्रत्यक्षात कशी वागतात ते मोजले. त्यांचे निष्कर्ष आज वाचताना अगदी साधे वाटतात: बसायला जागा असेल तिथे माणसे बसतात, माणसांना सर्वाधिक ओढ माणसांचीच असते, गप्पा मारायला थांबलेले लोक बाजूला होण्याऐवजी भर रहदारीच्या मध्येच उभे राहतात. आपल्या विषयाला सर्वांत जवळचे निरीक्षण मात्र वेगळे आहे. रस्त्यावर एखादा गायक, जादूगार किंवा शिल्प असले की शेजारी उभे असलेले अनोळखी लोक एकमेकांशी बोलू लागतात, आणि त्यासाठी सादरीकरण फार वरच्या दर्जाचे असावे लागते असेही नाही. माझ्या मते रस्त्यावरच्या कलेचे खरे काम हेच आहे. ते साधायला हजारो लोकांनी एकाच दिशेला तोंड करून उभे राहण्याची गरज नसते. किंबहुना तसे उभे राहिलेले लोक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.

डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी रस्त्यावरच्या हालचालींची केलेली विभागणीही इथे उपयोगी पडते. काही हालचाली अटळ असतात, म्हणजे कामावर जाणे, औषध आणणे, माल उतरवणे. काही ऐच्छिक असतात, म्हणजे फेरफटका मारणे, उगाच थांबणे. आणि या दोन्हींतून माणसांच्या भेटीगाठी घडतात. ऐच्छिक हालचाल वाढवणे हा कला-उपक्रमाचा हेतू असतो. तो साधताना अटळ हालचालींची वाट अडली, तर आपण पाहुण्यांसाठी घरच्यांना बाहेर काढले असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या औषधाच्या दुकानासमोर नेमके तेच झाले.

कला आणि रोजची वाट यांच्या टकरीचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामधले आहे. रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ हे पोलादी शिल्प १९८१ मध्ये तिथे उभे राहिले: सुमारे १२० फूट लांब, १२ फूट उंच, गंजलेल्या रंगाची, किंचित कललेली भिंत, आणि तीही चौकाच्या मधोमध. भोवतालच्या कचेऱ्यांमध्ये काम करणाऱ्यांना तिला वळसा घालून जावे लागे. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. तिथे बोलणाऱ्यांत शिल्प राहावे असे म्हणणारेच जास्त होते, तरीही अखेर १९८९ मध्ये ते हटवण्यात आले. शिल्प चांगले की वाईट हा वाद मी इथे काढत नाही. चौकातल्या माणसाच्या नेहमीच्या वाटेला मुद्दाम छेद देणे हा त्या कलाकृतीच्या रचनेचाच भाग होता, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून ते प्रकरण इतके चिघळले. आयोजकांनी त्यातून घ्यायची गोष्ट व्यावहारिक आहे: सुनावणीला आणि सभेला कलाप्रेमी येतात, रोज तिथून जाणारे बहुधा येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे आपण जाऊन विचारावे लागते.

उलट टोकाचे उदाहरण सिअ‍ॅटलच्या पायोनियर स्क्वेअर या जुन्या भागाचे आहे. तिथे १९८१ पासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कलादालने संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवण्याची प्रथा सुरू झाली आणि पुढे अनेक शहरांनी ती उचलली. त्यासाठी भला मोठा मंच लागत नाही. आधीपासून असलेली दारे जास्त वेळ उघडी राहतात आणि लोक एका दारातून निघून दुसऱ्या दाराकडे चालत जातात. त्या चालण्यात वाटेवरची इतर दुकाने, बाकडी, पायऱ्या आपोआप उपक्रमाच्या आत येतात. उपक्रम दर महिन्याला ठरलेल्या दिवशी होणार हे एकदा अंगवळणी पडले की दुकानदार स्वतःच्या सोयीने त्याची तयारी करतो. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या सोहळ्याशी जुळवून घ्यायला त्याला तेवढी सवड मिळत नाही.

म्हणून माझे मत सरळ दुसऱ्या तटाच्या बाजूने आहे.

नेपथ्य

मी ध्वनी आणि मंचव्यवस्थेचे काम करतो. पादचारी यांचा प्रतिसाद आवडला, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. रस्ता बंद करणे हा मुळातच गुन्हा असल्यासारखे लिहिणे योग्य वाटत नाही. मे २००६ मध्ये फ्रान्सच्या रॉयाल द ल्युक्स या पथनाट्य मंडळीने लंडनच्या मध्यभागातून एक प्रचंड यांत्रिक हत्ती चार दिवस फिरवला. त्याचे वजन सुमारे ४० टन होते. तो जाण्यासाठी वाटेतले काही वाहतूक-दिवे काढावे लागले, मोठे रस्ते बंद ठेवावे लागले, आणि परवानग्यांसाठी आयोजक अनेक वर्षे खेटे घालत होते. तरी तो उपक्रम लोकांना आपला वाटला, कारण तिकीट नव्हते, मंच नव्हता आणि हत्ती लोकांमधून चालत होता. रोज वाहनांनी तुंबलेल्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर पाहण्याची संधी तिथल्या नेहमीच्या माणसालाही एरवी मिळत नाही. बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोठमोठे रस्ते मोटारींसाठी बंद आणि माणसांसाठी खुले ठेवतात, तेही रस्ता बंद करणेच आहे. तेव्हा रस्ता कोणासाठी बंद होतो आणि कोणासाठी उघडतो, हे पाहिले पाहिजे. मंचासाठी रस्ता बंद केला तर माणसाची जागा कमी होते. मोटारींपुरता बंद केला तर ती वाढते.

आता आवाजाबद्दल. तुमच्या औषधाच्या दुकानाची अडचण ध्वनिक्षेपकाच्या जागेइतकीच व्यवस्थेच्या पद्धतीतही आहे. मोकळ्या मैदानात ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंना दगडविटांच्या भिंती असलेल्या अरुंद रस्त्यात मात्र परावर्तनामुळे तो तितका उतरत नाही. त्यामुळे एका टोकाला मोठी चळत रचून शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायचा म्हटले, तर पहिल्या ओळीचे आणि तिथल्या दुकानांचे कान फुटायची वेळ येते. त्याऐवजी प्रेक्षकांच्या जवळ, थोड्या थोड्या अंतरावर लहान ध्वनिक्षेपक लावून सगळ्यांचा आवाज कमी ठेवावा आणि त्यांची तोंडे भिंतींकडे वळवण्याऐवजी खाली, माणसांकडे झुकवावीत. खर्जाचे ध्वनिक्षेपक शक्य असेल तिथे टाळावेत, कारण बंद खिडकीतून सर्वांत जास्त आत शिरतो तो खर्जच. पथनाट्याला आणि साध्या वाद्यवादनाला तर पुष्कळदा ध्वनिक्षेपकाची गरजच नसते. तो लावला जातो तो भाड्याच्या सामानात आलेला असतो म्हणून.

दुसरा मजला

मी अशाच एका रस्त्यावर, नावाप्रमाणेच दुसऱ्या मजल्यावर राहते. दोन्ही प्रतिसाद रस्त्याच्या पातळीवरून लिहिलेले आहेत, म्हणून वरच्यांची बाजू मांडते.

वर राहणाऱ्याला मोठ्या आवाजापेक्षा न संपणारा आवाज जास्त छळतो. एक मोठा कार्यक्रम तीन तास चालला तर मी खिडकी लावून घेईन किंवा खाली उतरून ऐकेन. पण खिडकीखाली रोज तीच चार गाणी त्याच क्रमाने वाजत असतील तर ते असह्य होते. हा त्रास काल्पनिक नाही. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये भोवतालच्या कचेऱ्यांना होणाऱ्या उपद्रवाचे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मधील निकालानंतर तिथले पथगायन थांबवावे लागले. आवाज वेळीच आवरला गेला असता तर कदाचित कलाकारांची जागाही वाचली असती. म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक सादरीकरणाला जागा बदलण्याची आणि थांबण्याची वेळ आधीच ठरवून द्यावी, आणि ती वेळ दारोदारी छापील पत्रकाने कळवावी. सूचना समाजमाध्यमावर टाकली म्हणजे कळवले, असे समजू नये. आमच्या इमारतीतील वृद्धांना ती कधीच दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवीन इमारत बांधणाऱ्याने ध्वनिरोधाची जबाबदारी स्वतः घ्यावी, असे तत्त्व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या नियोजन धोरणाने २०१८ मध्ये स्वीकारले आहे. नंतर राहायला येऊन आधीपासूनचे संगीत बंद पाडणाऱ्यांची मीही बाजू घेणार नाही.

आणि वरच्यांना प्रेक्षक समजण्यापेक्षा भागीदार करून घ्या. फ्रान्समधील लिआँ शहराचा दीपोत्सव आज भव्य प्रकाशयोजनांसाठी ओळखला जातो, पण त्याची सुरुवात ८ डिसेंबर १८५२ रोजी नागरिकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावण्यातून झाली, आणि खिडकीत दिवे ठेवण्याची रीत तिथे अजून आहे. रस्त्यावरच्या उपक्रमात आमच्या खिडक्यांना काही काम द्या. मग तक्रारीचा सूर बराच उतरेल.

मध्यवर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. ध्वनिव्यवस्थेचा मुद्दा लगेच अमलात आणता येईल. एक प्रश्न मात्र उरतो. छोटे कार्यक्रम जागोजागी ठेवले तर गर्दी विखुरते हे खरे, पण एखादा कार्यक्रम अचानक लोकप्रिय झाला आणि तो नेमका अरुंद गल्लीत असला तर काय करायचे? मोठ्या मंचाभोवती निदान स्वयंसेवक असतात.

पादचारी

ही शंका अगदी योग्य आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा हा मुद्दा आधी तपासावा. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सेऊलच्या इटेवॉन भागात एका अरुंद, उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ जणांचा मृत्यू झाला. त्या रात्रीच्या गर्दीला एक असा आयोजकच नव्हता. लोक नेहमीच्या मौजेच्या जागी आपणहून जमले होते, आणि दोन्ही टोकांकडून आत येणे चालूच राहिले. एका चौरस मीटरमध्ये पाचांहून जास्त माणसे झाली की धोका झपाट्याने वाढतो, गर्दी आणखी दाटली की कोणाच्याही हालचाली स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत, आणि तेव्हा पुढच्याने थांबायचे ठरवले तरी मागचा रेटा थांबत नाही.

म्हणून ज्या गल्लीला एकच तोंड आहे, किंवा जिथे उतार आणि पायऱ्या आहेत, तिथे माणसे थांबतील असा कार्यक्रम ठेवूच नये. तिथे भिंतीवरचे चित्र चालेल, पण गायक नको. थांबून पाहण्याचे कार्यक्रम रस्ता रुंद होतो त्या ठिकाणी, भिंतीच्या कडेला ठेवावेत, म्हणजे जाणाऱ्यांना दुसरी बाजू मोकळी राहील. अग्निशमन दलाने सांगितलेली मोकळी रुंदी रस्त्यावर खडूने आखून घ्यावी आणि कडेला मांडलेले काहीही त्या रेषेच्या आत येऊ देऊ नये. प्रत्येक ठिकाणी निदान एका माणसाला कार्यक्रम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार द्यावा. अध्यक्षांना फोन लावून विचारत बसण्याइतका वेळ अशा प्रसंगी मिळत नसतो.

नेपथ्य यांच्या आक्षेपावर: मोटारींपुरता रस्ता बंद करण्याला माझा विरोध नाही, उलट तुमच्या समितीतील दोन्ही तट कदाचित तिथेच एकत्र येतील. त्यासाठी माल उतरवणाऱ्यांना सकाळची वेळ द्यावी लागेल, आणि ती त्यांना विचारून ठरवावी लागेल. त्या निमित्ताने जिन्याखालच्या गृहस्थांनाही विचारा की त्यांचे काम कोणत्या वेळी जास्त चालते. गाण्याची जागा त्यांच्यापासून दहा पावले पुढे सरकवली तर थांबलेले लोक त्यांच्या समोरच उभे राहतील.