मदत हवी आहे: स्क्रब टायफसनंतर (माइट चावून होणारा ताप) जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, प्रतिकारशक्तीचा नसांवर हल्ला), सहाव्या आठवड्यात पुन्हा घसरण

रुग्ण चाळिशीतला, मुरबाडकडचा भातशेतकरी, सध्या ठाण्यात दाखल. ताप, काखेत एश्चार (चाव्याजागची काळी खपली), स्क्रब आयजीएम पॉझिटिव्ह. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस. ताप दोन दिवसांत उतरला. दहाव्या दिवशी पायांपासून अशक्तपणा, रिफ्लेक्स गेले, चेहरा दोन्हीकडून लुळा. सीएसएफ (पाठीतलं पाणी) प्रोटीन १४०, पेशी ८, एनसीएस (नसांच्या वहनाची तपासणी) डिमायलिनेटिंग, म्हणजे नसांचं आवरण खराब. लेप्टो, डेंग्यू, एचआयव्ही निगेटिव्ह, पोटॅशियम नॉर्मल.

वजन ६० किलो, म्हणून आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) रोज २४ ग्रॅम, ५ दिवस. आधाराने चालू लागला होता. आता हातपाय पुन्हा ढिले, वर हातांना ठळक कंप आणि चाल अटॅक्सिक. गिळणं ठीक, एका दमात २५ पर्यंत मोजतो. ताप नाही, सीआरपी नॉर्मल.

टीआरएफ (उपचारानंतरची तात्पुरती घसरण) की ए-सीआयडीपी (जीबीएससारखा सुरू होणारा, पण जुनाट होणारा आजार), हे ठरवायला आठ आठवड्यांची वाट बघणं मला पटत नाही. कंपामुळे न्यूरोफॅसिन-१५५ (एनएफ-१५५, नसांमधलं प्रथिन) विरोधी अँटिबॉडी डोक्यात आहेत. तसं असेल तर आयव्हीआयजीवर आणखी खर्च बहुधा वायाच, आणि तो नातेवाइकांना झेपणाराही नाही. आयव्हीआयजीच्या दुसऱ्या डोसवरच्या २०२१ च्या एसआयडी-जीबीएस चाचणीचा दाखला कृपया नको, ती वाईट प्रोग्नोसिसच्या रुग्णांसाठी होती, टीआरएफसाठी नव्हे.

मुंबई-ठाणे-नवी मुंबईत एनएफ-१५५ आणि तशाच कॉन्टॅक्टिन-१, कॅस्पर-१ अँटिबॉडींची तपासणी सेल-बेस्ड पद्धतीने (पेशींवर) कोण करतं किंवा बाहेर पाठवतं? आयव्हीआयजीपूर्वीचं सीरम उणे २० वर ठेवलंय, ते घेतील का? रिपोर्टला किती दिवस लागतात? आणि तोवर तुम्ही काय कराल, आयव्हीआयजी पुन्हा की थेट प्लाझ्मा एक्स्चेंज?