माणसं बदलली तरी चौकडी तीच?

खर्ज:
पाश्चात्त्य अभिजात संगीतातलं अमाडेअस क्वार्टेट, म्हणजे चार वादकांची चौकडी: दोन व्हायोलिन, एक व्हिओला (जरा मोठं, खालच्या सुरांचं व्हायोलिन), एक चेलो (बसून वाजवायचं, आणखी मोठं), आणि चाळीस वर्षं तीच चार माणसं. तिघे व्हिएन्नाचे ज्यू. नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला आले, तर युद्धात तिथेही 'शत्रुराष्ट्राचे' म्हणून छावणीत डांबले गेले. ओळख झाली ती अशी! चौथा, चेलोवाला मार्टिन लव्हेट, इंग्रज. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये अमाडेअस नावाने पहिली मैफल. १९८७ मध्ये व्हिओलावादक पीटर शिडलॉफ गेले आणि उरलेल्या तिघांनी चौकडीच मोडली. दुसरा कुणी आणलाच नाही. मला हेच पटतं. उलट न्यूयॉर्कचं जुलियार्ड क्वार्टेट १९४६ पासून सुरूच आहे, मूळचा एकही वादक नसताना. नुसती पाटी राहिली ना मग?

अनुस्वार:
पाटी कसली? रॉबर्ट मान तिथे पहिल्या व्हायोलिनवर १९९७ पर्यंत होते, म्हणजे ५१ वर्षं. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या क्वार्टेटसाठीच्या सहाही रचना जुलियार्डने तीनदा ध्वनिमुद्रित केल्या. १९४९ आणि १९६३ मध्ये मान आणि व्हिओलावाले हिलियर तेच, बाकी दोघे वेगळे. १९८१ मध्ये जुने फक्त मान. नवा माणूस जुन्यांच्या मांडीला मांडी लावून तयार होतो. आपल्याकडे घराणं वेगळं काय असतं?

खर्ज:
मान होते तोवर मान्य. पुढचं बोला.

तिसरी_घंटा:
अमेरिकेचं ग्वार्नेरी क्वार्टेट घ्या. १९६४ ते २००९. मध्ये एकच बदल: २००१ मध्ये चेलोवादक डेव्हिड सॉयर निवृत्त झाले, जागी त्यांचाच शिष्य पीटर वायली. यालाही पाटी म्हणणार?

खर्ज:
नाही. पण ते चौघेही २००९ मध्ये थांबलेच की. माझंच म्हणणं झालं हे.

कोमल_नी:
आमच्या घरात 'क्वार्टेट' हा शब्दच आशाबाईंमुळे आला. २००५ मध्ये अमेरिकेच्या क्रोनोस क्वार्टेटने पंचमच्या गाण्यांचा अल्बम केला. गायला आशा भोसले, तबल्यावर झाकीर हुसेन. क्रोनोसची मूळची नसली तरी बरीच वर्षं नेहमीची असलेली चेलोवादक १९९९ मध्येच बाहेर पडली होती. आम्हाला पत्ताही नव्हता, आणि ऐकताना काही अडलं नाही. २०२४ मध्ये आणखी दोघे जुने निवृत्त झाले. १९७३ पासूनचे आता एकटे डेव्हिड हॅरिंग्टन.

खर्ज:
आशाबाईंना मध्ये आणणं हा रडीचा डाव. तरी शिडलॉफच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला ऐकवलं नसतं.