मदत हवी आहे: सासूबाईंच्या चेहऱ्याची आग होते, साबण बदलून काही फरक नाही

सेलूची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न सासूबाईंचा आहे. वय साठीच्या पुढे, पण अजून रोज शेतात जातात. आम्ही सेलू तालुक्यात राहतो.

त्यांच्या पापण्या सुजतात, कानामागे आणि मानेच्या वळ्यांत लाल चट्टे येतात, कोपराच्या आतल्या बाजूलाही. आधी आग, मग खाज. झोपेत बांगडीच्या कडेनं मान खाजवत राहतात, सकाळी तिथं ओरखडे दिसतात. आता मानेची कातडी जाड आणि काळपट झालीय. उन्हाळ्यात बरं असतं. पाऊस चांगला झाला, रान हिरवं झालं की सुरू. यंदा महालक्ष्म्या उठल्या आणि पाठोपाठ एक डोळाच उघडेना.

जो तो म्हणतो, "त्वचा सेन्सिटिव्ह आहे, चांगला फेसवॉश आणा." आणले, महागातलेही आणले. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: "माझं कातडं कशाचं नाजूक? सारा जलम उन्हात गेला." शेजारच्या काकूंनी वांगं आणि आंबट बंद करायला लावलं. तेही करून झालं.

आमचं पाणी बोअरचं. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. मी तुरटी फिरवते, फरक शून्य. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली होती. ती लावली की तोंड एकदम गुळगुळीत, थांबवली की दुप्पट. आता त्या ट्यूब माझ्यापासून लपवून ठेवतात.

हे पाण्यामुळे होतंय की उन्हामुळे? तोंडाला नक्की काय लावावं? सोयाबीन निघालं की परभणीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेणार आहे, पण तोवर काय करू?

काळी_माती

ताई, साबण सोडा, आधी बांधावर गाजर गवत किती हाय ते बघा. काँग्रेस म्हणतेत ते. आमच्या चुलत्याला सेम असंच व्हायलं होतं, डोळे सुजून बारीक. लेकाकडं पुण्याला राहायला गेले की साफ, गावात आले की पुन्हा तेच.

पाला_पाचोळा

कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालायची आणि ताज्या कोरफडीत हळद कालवून लावायची. केमिकल काही लावू नका. आपल्या आज्यांनी कुठं क्रीम लावले होते?

ओपीडी_नंबर_नऊ

त्वचारोग शिकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. न बघता निदान करत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या जागा बोलक्या आहेत.

उन्हाची ॲलर्जी असेल तर कपाळ, नाकाचा शेंडा, गाल, हाताची वरची बाजू जास्त लाल होते. वरच्या पापणीची घडी, कानामागे, हनुवटीखाली ऊन पोचत नाही, म्हणून त्या जागा बहुतेक वाचतात. तुमच्याकडे नेमक्या त्याच जागा धरल्यात, शिवाय मानेच्या वळ्या आणि कोपराची घडी. म्हणजे जे काही आहे ते हवेतून येऊन घडीत साचतंय. मराठवाड्यात असं दिसलं की आमचा पहिला संशय काळी_माती म्हणतात त्याच गवतावर. 1950 च्या दशकात पुण्याच्या आसपास ते पहिल्यांदा लक्षात आलं, आज एक बांध रिकामा सापडणार नाही. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पानांवरची बारीक लव वाळून धुळीत मिसळते, त्यामुळे वाळलेलं गवतही तितकंच त्रास देतं. वर्षानुवर्षं काही न होता साठीत ॲलर्जी सुरू होऊ शकते. म्हणून सासूबाईंचं "सारा जलम उन्हात गेला" खरं असलं तरी त्यानं काही सिद्ध होत नाही.

दोन गोष्टी विचारतो. महालक्ष्म्यांना शेवंतीचे हार कुणी ओवले? आणि ट्यूबवर नाव काय आहे?

पाला_पाचोळा, राग मानू नका, पण सोललेल्या कातडीवर ताज्या कोरफडीचा पिवळा चीक आणि हळद म्हणजे आगीत तेल. धडधाकट कातडीवर काय हवं ते करा.

सेलूची_सून

अगं बाई! हार सगळे त्यांनीच ओवले, शेवंतीचेच. बोटांची टोकंसुद्धा तेव्हापासून भेगाळलीत, मला वाटलं भांड्यांच्या पावडरीनं. आणि हनुवटीखाली आत्ता बघितलं, तिथंही आहे.

ट्यूब उशीच्या अभ्र्यात सापडली. क्लोबेटासोल लिहिलंय, बरोबर आणखी दोन-तीन नावं आहेत.

ओपीडी_नंबर_नऊ

शेवंती आणि गाजर गवत एकाच कुळातले, सूर्यफूलही त्यातलंच. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्यानं त्रास होणं नेहमीचं आहे. पुढच्या वर्षी हार दुसऱ्या कुणी ओवावेत.

क्लोबेटासोल हे सगळ्यात कडक स्टेरॉइडपैकी एक. तोंडाला लावायचं नाहीच. कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, आणि थांबवलं की उसळून येतं. तेच तुम्ही बघताय. कातडीला लावायची अशी स्टेरॉइडं 2018 पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. बऱ्याच महिन्यांची सवय असेल तर एकदम तोडल्यावर चेहरा भडकतो, म्हणून सोयाबीनची वाट बघू नका. ट्यूब बरोबर घेऊन आधी जा. डोळा पुन्हा मिटला, पू दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी.

पाण्याचं म्हणाल तर ते मूळ नाही, पण भर घालतं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून जो चिकट थर करतात तो बादलीवर बसतो तसा कातडीवरही बसतो. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. तोंडापुरतं जारचं आरओचं पाणी वापरा. साबण तोंडाला नकोच. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, साधा साबण पीएच 9-10 चा, म्हणजे रोज तिचं आवरण खरवडल्यासारखं. तोंड पुसून अर्धवट ओलं असतानाच बिनवासाची पेट्रोलियम जेली, पापण्यांवरही चालेल. नवीन कुठलंही क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूला, चट्टा नसलेल्या जागी, सात-आठ दिवस लावून बघायचं, मगच तोंडाला. वांगं खुशाल खाऊ द्या.

गंगथडी

आमच्या आत्याला हेच आहे, शेत काही सुटलं नाही. ती लुगड्यावर मामांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, गुंड्या गळ्यापर्यंत लावून, तोंडाला सुती रुमाल. घरी आली की आधी हात-तोंड-मान धुणं आणि कपडे बदलणं, मगच चहा. तोच शर्ट दुसऱ्या दिवशी न धुता घालायचा नाही. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: धुतलेले कपडे बांधावर किंवा परसात गवताशेजारी वाळत घालू नका, सगळी धूळ त्यांनाच बसते. मळणी यंत्रापाशी तर उभंच राहू देऊ नका.

काळी_माती

गवत उपटायचं तर फुलं यायच्या आधी, पाऊस पडून रान ओलं असतानी, हातमोजे घालून. आन ते काम सासूबाईनं करायचं नाही. वाळल्यावर जाळू बी नका.

सेलूची_सून

सगळ्यांचे आभार. सासऱ्यांचा शर्ट दिलाय, "बाई, मी काय बुजगावणं हाय का" म्हणाल्या, पण घातला. परवा परभणीला जातो. नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते कळायला पॅच टेस्ट करतात असं वाचलं, ती लगेच होते का?

ओपीडी_नंबर_नऊ

पाठीवर पट्ट्या चिकटवतात, 48 तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुन्हा साधारण चौथ्या दिवशी बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामाचं काम नाही. आत्ता अंग भडकलेलं असताना करत नाहीत, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी नाही. आधी चेहरा शांत होऊ द्या. सगळीकडे रोज होत नाही, म्हणून परभणी, नांदेड, अंबाजोगाई, लातूर किंवा संभाजीनगरचं घाटी, जे मेडिकल कॉलेज सोयीचं पडेल तिथल्या त्वचा विभागात आधी विचारा आणि राहायच्या तयारीनं जा. पट्ट्यांत पार्थेनियम, म्हणजे गाजर गवत, आहे ना, हेही तेव्हाच विचारून घ्या.