लॅम्बिंग फ्लॅट, १८६१ : 'दंगल' हा शब्द चालेल का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीत, लॅम्बिंग फ्लॅट येथील सोन्याच्या पट्ट्यात, ३० जून १८६१ रोजी गोऱ्या खाणवाल्यांनी चिनी लोकांच्या छावण्यांवर जे केले त्याला इंग्रजीत 'रायट' म्हणतात. एका नोंदीचे मराठीकरण करताना मी सवयीने 'दंगल' लिहिले आणि नंतर खोडले. खोडले ते बरोबर केले का? शिवाय त्या दिवशी चिनी पुरुषांच्या डोक्यावरून जे कापले गेले, त्याला शेंडी म्हणावे की वेणी?

पहिले उत्तर : खोडलेत ते योग्यच केलेत, असे माझे मत आहे. 'दंगल' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दोन जमाव येतात, दोन्हीकडून दगड येतात, आणि 'सुरुवात कोणी केली' हा प्रश्न आपोआप विचारला जातो. त्या रविवारी तसे काही घडले नव्हते. दोन ते तीन हजार गोरे लोक वाजंत्री लावून, निशाणे घेऊन निघाले, त्यांनी चिनी छावण्यांतील तंबू लुटले व जाळले, माणसांना मारहाण केली आणि थंडीच्या ऐन दिवसांत त्यांना उघड्यावर पिटाळून लावले. हजाराहून अधिक चिनी लोकांना जेम्स रॉबर्ट्स नावाच्या जमीनदाराने आपल्या मेंढ्यांच्या कुरणावर आसरा दिला, म्हणून ते तगले. तंबूच्या कापडावर रंगवलेले एक निशाण त्या गावातील संग्रहालयात अजून जपलेले आहे, आणि त्यावरील मजकूर मराठीत 'जमा व्हा, जमा व्हा, चिनी नकोत' असा होईल. ज्या कृत्याचे निशाण आधी रंगवून तयार असते त्याला मी 'हल्ला' म्हणेन. 'हकालपट्टी' सुचते खरी, पण तो शब्द पक्षातून किंवा नोकरीतून काढण्याचा आहे. तिथे काढणाऱ्याला तसा अधिकार असतो, इथे तो कोणालाच नव्हता.

तरीही 'दंगल' पूर्णपणे टाकून देऊ नये. पंधरवड्याने, १४ जुलैला, अटकेतील साथीदारांना सोडवण्यासाठी हेच खाणवाले पोलीस छावणीवर चालून गेले, दंग्याचा कायदा, म्हणजे जमावाने पांगावे असा हुकूम, वाचून दाखवण्यात आला, गोळीबार झाला आणि एक खाणवाला मेला. तेथे 'दंगल' चपखल बसतो. एकाच नोंदीत दोन दिवसांना दोन वेगळे शब्द वापरलेत, तर फरक वाचकाला न सांगताही कळेल.

शेंडी की वेणी याचे उत्तर मला तितक्या ठामपणे देता येत नाही. 'वेणी' म्हटल्यावर मराठी मनात गजरा येतो. 'शेंडी' म्हटल्यावर मुंज येते, आणि 'शेंडी लावणे' या वाक्प्रचारामुळे नको तेथे हसू येते. वस्तुस्थिती अशी, की पुढचा भाग तासून मागे लांब केस पेडीत घालण्याची ही पद्धत चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजवटीने सतराव्या शतकात हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांवर सक्तीने लादली होती आणि ती मोडणे राजद्रोह मानले जाई; म्हणजे सोने मिळवून घरी परतू पाहणाऱ्या माणसाची ती परतीची वाटही होती. काहींच्या बाबतीत केसांबरोबर डोक्याची कातडीही सोलून निघाली. मी 'शेंडीची लांब वेणी' असे पहिल्यांदा लिहून पुढे नुसते 'वेणी' ठेवले असते.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे, पण मला 'खाणवाले' या शब्दाचीही अडचण वाटते. तेथे खोल खाणी नव्हत्या. ओढ्याकाठची माती उपसून पाण्यात धुवायची, असे ते काम होते. दुसऱ्याने धुऊन टाकलेली माती चिनी लोक पुन्हा चिकाटीने धुवत आणि त्यातूनही सोने काढत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन सोन्याचे कण गाळणाऱ्याला झारेकरी म्हणतात, आणि त्या प्रकारच्या कामाला याहून जवळचा शब्द मला सापडत नाही. गोऱ्यांची एक तक्रार होती की चिनी लोक पाणी नासवतात. झारेकऱ्याच्या कामाला पाणी किती लागते हे ज्याने पाहिले आहे त्याला ती तक्रार कशावरून उठली एवढे तरी कळेल, आणि तिच्यावर तंबू जाळण्याचे समर्थन उभे राहत नाही हेही कळेल.

जाता जाता आणखी एक शब्द. शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ मध्ये जहाजाने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला, तेव्हा ते लोक दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर पायी चालत सोन्याच्या पट्ट्यात जाऊ लागले. त्या कराला 'डोईपट्टी' म्हणावे, पण ती फक्त चिनी डोयांवर होती हे त्याच वाक्यात यावे.

मूळ प्रश्नकर्ता : आभारी आहे. नोंदीतील वाक्य आता असे झाले आहे : '३० जून १८६१ रोजी गोऱ्या झुंडीने चिनी छावण्यांवर हल्ला केला, तंबू जाळले, अनेकांच्या वेण्या कापल्या आणि त्यांना पिटाळून लावले, १४ जुलैला पोलीस छावणीसमोर दंगल झाली.' 'झारेकरी' मात्र शहरी वाचकाला समजेल का, याची शंका असल्याने सध्या 'माती धुऊन सोने काढणारे' असेच ठेवले आहे.